कडू चवीचा निवाडा

सहा रसांपैकी कडू हा एकच रस असा, की तो आवडत नाही म्हणणारा माणूसही तो नीट उतरला आहे की नाही हे सांगू शकतो. गोडाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. आंबा गोड निघाला म्हणजे आवडलाही, तिथे विषय संपतो. कडवटाशी जिभेचे वैर मात्र जन्मापासूनचे आहे. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कडू औषधाचा थेंब पडला की ते तोंड वेडेवाकडे करते, आणि हे त्याला कुणी शिकवलेले नसते. तरीही माणसांनी कडू पदार्थ सणाच्या दिवशी वाढले, औषधात घातले, आणि इंग्लंडात तर एका बिअरचे नावच ‘बिटर’, म्हणजे कडू, असे ठेवून दिले. अशा पदार्थाला चांगला म्हणताना त्यातले नेमके काय चांगले म्हटले जाते आणि तसे म्हणण्याचा अधिकार कुणाला, हा रुचीच्या तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. चव घेणे हेच मुळात बंधन मानणाऱ्या धर्मविचाराला तो आणखी वेगळ्या बाजूने सोडवावा लागला.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हा प्रश्न दर वर्षी चैत्र शुद्ध प्रतिपदेला घराघरांत येतो, फक्त त्याला कुणी तत्त्वज्ञान म्हणत नाही. आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या माळा आणि झेंडू घेऊन विक्रेते बसतात. सकाळी डहाळीच्या शेंड्याची तांबूस कोवळी पाने आणि मिळालाच तर मोहोर खुडून घेतात. त्यात गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चिंच, जिरे, ओवा, मिरे, हिंग आणि मीठ घालून सगळे खलबत्त्यात कुटतात. प्रत्येक घराची यादी थोडी निराळी, पण पाला आणि गूळ ठरलेले. गोळा झाला की घरातली म्हातारी चिमूटभर जिभेवर ठेवते. तिचा चेहरा आक्रसतो. तक्रार मात्र उलटीच येते: ‘गुळानं पार मारलंय, कडू लागंना झालंय. अजून चार पानं घाल.’

या बोलण्यात तीन गोष्टी सुट्या होतात. चव तिला आवडलेली नाही, हे चेहरा सांगतो. चव कशी आहे हे तिने बरोबर ओळखले आहे. आणि ती कशी असायला हवी होती, हेही तिला ठाऊक आहे. रोजच्या जेवणात या तिन्ही ‘झकास झालंय’ या एका उद्गारात मिसळून जातात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटत राहते. कडवट पदार्थ पुढे आला की आवड एकीकडे पडते आणि निवाडा दुसरीकडे. मग त्यांच्यातली फट नीट दिसते.

मराठीत या चवीचे नाव घेतानाच पाय अडखळतो. संस्कृतात कडू चवीला तिक्त म्हणतात आणि मिरीसारख्या झणझणीत चवीला कटु. मराठीतला ‘कडू’ हा शब्द त्या कटुवरूनच आला आणि ‘तिखट’ हा तीक्ष्णवरून. वाटेत कुठेतरी शब्दाने चव बदलली. त्यामुळे वैद्यकाच्या पोथीतले ‘कटु’ वाचून कारले डोळ्यांपुढे आणणारा वाचक हमखास फसतो. कोल्हापुरी तिखटाचा तर त्या पोथ्यांशी संबंधच नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, चरकाच्या काळी कटुरस म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय हा चवीवरच्या भारतीय विचाराचा सगळ्यात रंगतदार भाग म्हणावा लागेल. चैत्ररथ नावाच्या वनात ऋषी जमले आहेत आणि रस किती, यावर वाद चालला आहे. भद्रकाप्य म्हणतो रस एकच, आणि तो पाण्याहून वेगळा नाही. शाकुंतेय दोन मानतो, मौद्गल्य तीन, कौशिक चार, भरद्वाज पाच. वार्योविद सहावर येतो, निमी सातवर, धामार्गव आठवर. शेवटी कांकायन म्हणतो, मोजताच कशाला. द्रव्ये अगणित, त्यांचे गुण अगणित, तेव्हा रसही अगणित. मिसळीच्या प्रत्येक हॉटेलाचा कट निराळा लागतो असे सांगणारा कोल्हापूरकर कांकायनाच्याच पक्षातला. पुनर्वसू आत्रेय त्याला उत्तर देतो, की रस ज्याच्या आश्रयाने राहतो ती द्रव्ये अगणित असली म्हणून रस अगणित होत नाहीत; ते सहाच. हे उत्तर केवळ मोजणीचे नाही. चवीबद्दल दोन माणसांना एकमेकांशी बोलता यावे, तर काही मोजकी नावे दोघांत समान हवीत. प्रत्येक घास अद्वितीय मानला की वाद मिटतो खरा, पण निवाडाही उरत नाही.

त्याच अध्यायात पुढे प्रत्येक रसाची ओळख दिली आहे, आणि तिक्ताची ओळख विलक्षण आहे. तो जिभेवर पडताच तिची दुसरे काही जाणण्याची शक्ती मारतो आणि स्वतः रुचत नाही. पण तोंड स्वच्छ करतो, कोरडे करतो आणि प्रसन्न करतो. आणखी एके ठिकाणी चरक सांगतो, की स्वतः अरुचकर असूनही तिक्तरस अरुची घालवतो. न रुचणे आणि प्रसन्न करणे हे एकाच व्याख्येत शेजारी शेजारी बसवताना ग्रंथकाराला कुठेही विसंगती वाटलेली नाही. इथे रुचणे हे जिभेच्या पहिल्या क्षणाचे, तर प्रसन्नता नंतरची आहे. कडू चवीला काळाची लांबी असते. तिचा निकाल पहिल्या स्पर्शाला लागत नाही, ती ओसरल्यावर लागतो.

इंग्लिश बिटरची परीक्षा नेमकी याच लांबीवर चालते. बिटर ही एल जातीची बिअर, म्हणजे किण्व वर तरंगणारे आणि आंबवण जरा उबदार. एकोणिसाव्या शतकातल्या फिकट एलपासून ती निघाली. त्या फिकट एलशी हिंदुस्थानचा जवळचा संबंध आहे. लंडनच्या बो भागातला हॉजसन आणि 1820 च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ऑलसॉप यांच्यासारखे उत्पादक आपली भरपूर हॉप्स घातलेली बिअर जहाजाने इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी पाठवत. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर; त्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो. हॉप्स म्हणजे एका वेलीचा मादी फुलोरा. तो मोड आणून भाजलेल्या जवाच्या गोड काढ्यात तास-दीड तास उकळला की त्यातली आम्ले रूप बदलतात आणि कडू होतात. गोड काढा आणि कडू फुले, गूळ आणि पाला: पाडव्याच्या गोळ्याची आणि या पेयाची मांडणी मुळात एकच आहे.

साध्या बिटरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण 3.2 ते 3.8 टक्के, म्हणजे बिअरच्या मानानेही कमीच. परंपरेने ती पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, गाळून-तापवून मेलेली नसते, आणि 11 ते 13 अंशांवर, म्हणजे माठातल्या पाण्याहून थोडी गार अशी, हातपंपाने ओढून देतात. ही पद्धत बुडू नये म्हणून इंग्लंडात 1971 साली ‘कॅमरा’ नावाची ग्राहक चळवळच उभी राहिली. महाराष्ट्रात जागेवरच तयार केलेली ताजी बिअर देणाऱ्या छोट्या कारखान्यांची सुरुवात पुण्यात 2009 साली डूलालीने केली. त्यामुळे फेस, गंध, गाळ यांबद्दल चिकित्सेने बोलणारा वर्ग आता मराठीतही आहे.

परीक्षक पेला हातात घेतो तेव्हा आधी पीत नाही. उजेडासमोर धरून रंग आणि स्वच्छपणा पाहतो. मग नाक खाली नेतो, कारण फुलांचा मातकट-लाकडी गंध आणि भाजलेल्या धान्याचा बिस्किटासारखा वास पहिल्या काही क्षणांतच जोरात असतो. मग घोट. आधी धान्याचा गोडवा पुढे येतो, त्याच्या पाठोपाठ कडवटपणा चढतो. वाइनचे परीक्षक चूळ थुंकतात. बिअरचे बहुधा गिळतात, कारण गिळल्यानंतर घशाशी कडवटपणा किती वेळ आणि कसा रेंगाळतो, हाच परीक्षेचा मोठा भाग. कडू चव जिभेच्या फक्त मागच्या भागाला कळते असे पूर्वी शाळेच्या पुस्तकांत चित्र असे. ते चुकीचे आहे, सगळ्याच रुची जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. परीक्षकांच्या एका प्रचलित गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर छापेला 10. ‘मला आवडली का’ याला वेगळा रकाना नाही. बिअर कोणत्या प्रकारची म्हणून मांडली आहे हे आधी सांगितलेले असते, आणि त्या प्रकारात ती कितपत बसते ते पाहायचे असते. काळी, गोडसर बिअर प्रिय असणारा माणूस बिटरला 42 गुण देऊन घरी जाऊन आपली काळी बिअर पितो. यात ढोंग नाही.

कडवटपणा यंत्राने मोजताही येतो. साध्या बिटरची पट्टी 25 ते 35 एककांची. पण तोच 30 चा आकडा गोडसर, दाट बिअरमध्ये सौम्य लागतो आणि पातळ, कोरडीत टोचतो. आकडा द्रव्याचा असतो, चव नात्याची. म्हातारीची ‘गुळानं मारलंय’ ही तक्रार या नात्याबद्दलच होती. पाने मोजून ती मिटली नसती.

चवीच्या निवाड्याला प्रमाण असते का, हा प्रश्न युरोपात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1757 सालच्या निबंधात ठामपणे मांडला. त्यासाठी त्याने ‘डॉन किहोटे’मधली सँचोच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली. पिंपातली दारू चाखून एक म्हणाला, उत्तम आहे, फक्त किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव येते. लोकांनी दोघांची टर उडवली. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली निघाली. ह्यूमच्या मते खरा परीक्षक तो, ज्याची जाण सूक्ष्म आहे, सरावाने आणि तुलनेने ती घासली गेली आहे, आणि जो पूर्वग्रह बाजूला ठेवू शकतो.

अशी किल्ली कोल्हापुरात रोज शोधली जाते, दारूत नव्हे, गुळात. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि कोल्हापूरचे नाव गुळाशी जोडले गेले. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. गुऱ्हाळघरावर निवाडा गुळव्याकडे असतो. उसाचा रस काहिलीत उकळताना रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून ती काढून टाकतात. (इंग्लंडात पिंपातली बिअर निवळायला परंपरेने माशाच्या फुग्यापासून केलेला चिकट पदार्थ वापरत. तो कळल्यावर तिकडच्या काही शाकाहारी मंडळींनी या पेयाकडे पाठ फिरवली. भेंडीवर असा आक्षेप अजून कुणी घेतलेला नाही.) पाक होत आला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो, ती भांड्यावर टणकन वाजते का ऐकतो. तापमापकाच्या भाषेत हा क्षण 118 अंशांच्या आसपासचा. थोडा उशीर झाला की गूळ करपट, थोडी घाई झाली की मऊ, न टिकणारा. सौद्यात रव्याची धार फोडून व्यापारी रंग पाहतो, कण पाहतो, नखाने टणकपणा अजमावतो आणि कपचा जिभेवर ठेवतो. गूळ खारट लागला की ऊस चोपण, क्षाराच्या जमिनीतला. चुना जास्त पडला तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. हा व्यापारी दिवसभर गूळ चाखतो आणि गुळाची गोडी त्याला दुपारपर्यंत नकोशी झालेली असते. त्याने त्याची पारख कमी होत नाही.

पण ह्यूमच्या गोष्टीत एक अडचण आहे आणि गुळाच्या सौद्यात ती स्पष्ट होते. किल्ली सापडल्याने एवढेच सिद्ध होते, की चामड्याची चव खरोखर तिथे होती. ती वाईट होती, हे किल्ली सांगत नाही. बर्टनच्या बिटरला गंधकाचा हलका दर्प येतो. दुसरीकडे तो दोष धरतात, बर्टनात ती ओळख. गुळातला खारेपणा दोष ठरतो, कारण गूळ पुरणात, चिक्कीत, लाडवात जायचा असतो. ओळखणे जिभेचे काम आहे. ओळखलेल्याला दोष म्हणायचे की गुण, हे त्या पदार्थाभोवती जमलेल्या व्यवहाराने, त्याच्या प्रकाराने आणि उपयोगाने ठरवलेले असते. इमान्युएल कांटने 1790 साली सुखद आणि सुंदर यांत रेघ ओढली, तेव्हा जिभेचे सगळे सुखदमध्ये टाकले: दारू चांगली म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडावा, एवढीच अपेक्षा. बिटरचा परीक्षक आणि गुळाचा व्यापारी ‘मला’ म्हणत नाहीत, आणि त्यांचे ‘चांगला’ हे कांटच्या सुंदरातही बसत नाही. ते ‘आपल्या जातीत चांगला’ असे तिसरेच आहे. कांट त्याला संकल्पनेवर आधारलेला निर्णय म्हणून बाजूला सारेल. पण माणसाचे चवीबद्दलचे बहुतेक गंभीर बोलणे याच तिसऱ्या जातीचे असते, तेव्हा बाजूला सारणे फार स्वस्तात पडते.

यावर एक हट्टी शंका उरते: जिभाच वेगवेगळ्या असतील तर? न्यायवैशेषिकांच्या मते रस हा द्रव्यात खरोखर असणारा गुण आहे. पृथ्वीत सहाही रस, पाण्यात फक्त मधुर. आणि तो जाणणारे रसनेंद्रिय स्वतः जलमय. मग पित्त झालेल्याला साखर कडू का लागते? उत्तर असे, की साखर गोडच आहे, इंद्रिय दूषित आहे. गौडीय वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी ‘उपदेशामृता’त हाच दाखला भक्तीला लावला: अविद्येच्या पित्ताने जीभ बिघडलेल्याला नामाची खडीसाखर गोड लागत नाही, पण रोज घेत राहिल्यास तीच औषध ठरते. दाखला सुंदर आहे, मात्र त्याने चुकीचा उलगडा होतो, भेदाचा होत नाही. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाची पूड उडाली; सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला कसलीच चव येईना. आज ठाऊक आहे, की माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्यातला एक काही लोकांत जन्मतःच निराळा असतो. फॉक्सला पित्त झाले नव्हते. त्याची जीभ निरोगीच होती, फक्त दुसरी होती. म्हणून बिटरची परीक्षा एकाच्या भरवशावर सोडत नाहीत. दोन-तीन परीक्षक आधी न बोलता आपापले गुण लिहितात, मग फार फरक पडला तर पुन्हा चाखतात. रस द्रव्यात आहे हा न्यायाचा आग्रह त्यामुळे पूर्ण मोडत नाही. तो एका जिभेकडून अनेक जिभांच्या ताळ्याकडे सरकतो.

न रुचणाऱ्याचा आस्वाद कसा, या कोड्याला भारतीय विचारात एक जुळा भाऊ आहे: करुण रस. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला आहे. नाना मसाल्यांनी सिद्ध झालेले अन्न खाताना जाणकार जसा रसास्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा घेतो. मग शोकात कसला आस्वाद? मंगळवार पेठेलगत, खासबाग मैदानाला चिकटून, शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेले पॅलेस थिएटर आहे; पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले आणि 2024 च्या आगीत ते होरपळले. त्या काळातला मराठी प्रेक्षक रडायला तिकीट काढून जात असे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले. दारूने घर धुळीला मिळाल्याची ती कहाणी, आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून हुंदके देणारे लोक पुन्हा त्याच नाटकाला जात. न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात याला ‘सविकल्प समाधी’ म्हटले: वाचक दुसऱ्याच्या दुःखात शिरतो, पण स्वतःला विसरत नाही. त्याआधी नऊशे वर्षे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसास्वादातली विघ्ने मोजताना स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे एक विघ्न म्हणून सांगितले होते. आपले दुःख रडवते, रस देत नाही. रस मिळायला दुःख ‘माझे’ या खुंटीवरून सुटावे लागते. कडवट पेयाच्या परीक्षकाला गुणपत्रिकेतून आवडीचा रकाना काढून टाकावा लागतो, तो याच कारणाने. फरक एवढाच, की प्रेक्षकाला दुःख दूर ठेवायचे असते आणि परीक्षकाला पसंती.

धर्माचा प्रश्न इथे वेगळ्या दाराने आत येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस आहारात कटु, आंबट, खारट, अति उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष आणि दाहक पदार्थ येतात. कटु म्हणजे झणझणीत धरावे तर पुढे तीक्ष्ण वेगळे आलेच आहे. म्हणून श्रीधरस्वामींसारख्या टीकाकारांनी इथल्या कटुचे उदाहरण कडुलिंबाचे दिले, आणि ज्ञानेश्वरांनीही तो शब्द कडवटाकडेच नेला. पण शंकराचार्य आणि श्रीधर दोघेही ‘अति’ हा शब्द यादीतल्या प्रत्येकाला जोडून घ्यायला सांगतात. दोष कडूचा नाही, अतिरेकाचा.

जास्त कठोर भूमिका भागवताच्या एकादश स्कंधात आहे. अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंमध्ये मासा एक: गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो जीव गमावतो, आणि जीभ जिंकल्याशिवाय इतर इंद्रिये जिंकली असे म्हणता येत नाही. एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे हा मासा मराठी कीर्तनात घरचा झाला. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात झाडाची उपमा दिली आहे. वरचा पाला खुडून मुळाला पाणी घालत राहावे, तसे जिभेचे लाड पुरवून बाकीची इंद्रिये आवरणे. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांत अस्वाद हे एक. ती मंगळवारी पहाटे लिहीत, म्हणून पुस्तकाचे नाव ‘मंगलप्रभात’ पडले. अन्न औषधासारखे, चवीसाठी नव्हे तर शरीराच्या गरजेपुरते घ्यावे, हा त्यांचा अर्थ. सेवाग्रामच्या पंगतीत कडुलिंबाची चटणी असे, आणि नव्या पाहुण्यांना ती चांगलीच लक्षात राही.

अस्वादाचे व्रत घेतलेल्याला चवीचा निवाडा करता येईल का? वरवर पाहता नाही. पण व्रत सुटायला सांगते ते चवीमागे धावणे. चव जाणणे सोडायला सांगत नाही, आणि सांगितले तरी जमण्यासारखे नाही. औषधी अरिष्ट नीट उतरले की नाही हे वैद्य चाखून ठरवतो. त्याने व्रत मोडत नाही. उलट दिशेनेही तेच. बिटर आपल्या जातीत उत्तम आहे हे म्हणणे म्हणजे ती प्यावी असे म्हणणे नव्हे. मनूने सुरेला महापातकांत घातले, बौद्धांच्या पाचव्या शीलाने मद्य वर्ज्य केले, इस्लामने निषिद्ध ठरवले. दुसरीकडे युरोपातले ख्रिस्ती मठ बिअर गाळत राहिले आणि आजही ट्रॅपिस्ट संन्यासी गाळतात. हे मतभेद पिण्याच्या योग्यायोग्यतेबद्दल आहेत. पिंपात किल्ली आहे की नाही, यावर मनू आणि मठाधिपती यांना भांडण्याचे कारण नाही. दोन्ही निवाडे एकत्र गुंडाळले की गोंधळ होतो: रसिक म्हणवणारा व्यसनाला पारखीचे नाव देतो, आणि कर्मठ माणूस वाईट मानलेल्या वस्तूत बरेवाईट असतेच हे नाकारतो.

काही धर्मांनी तर कडू चव नीट चाखलीच पाहिजे असे बंधन घातले आहे. कोकणपट्टीतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंसह सगळे ज्यू वल्हांडणाच्या रात्री मारोर, म्हणजे कडू पाला, खातात. मिसरमधल्या गुलामीची ती आठवण. तालमुदातला नियम काटेकोर आहे: बिनखमिरी भाकर न चावता गिळली तरी विधी पुरा होतो, मारोर तसाच गिळला तर होत नाही, कारण त्याची चव लागायलाच हवी. तो हरोसेत नावाच्या गोड लगद्यात बुडवतात, पण कडवटपणा झाकला जाईल इतका वेळ ठेवत नाहीत. पाडव्याला पोरे गोळा पाण्याबरोबर घशाखाली ढकलतात तेव्हा पेठेतली म्हातारी ‘चावून खा’ म्हणते. तालमुदाच्या पंडितांनी तिला दुजोरा दिला असता. इथे कडवटाकडून सुखाची अपेक्षाच नाही. ते आहे तसे लागावे आणि लागले हे कळावे, एवढेच. आवड पूर्ण वजा केल्यावरही चवीत जाणण्यासारखे काहीतरी उरते, याचा याहून स्वच्छ पुरावा बिटरच्या गुणपत्रिकेतही नाही.

कडवटाचा एक व्यावहारिक त्रास सगळ्या परीक्षकांना सारखाच सतावतो. चरकाने म्हटल्याप्रमाणे तो जिभेची शक्ती मारतो, आणि एका नमुन्याचा कडवटपणा दुसऱ्यावर चढतो. म्हणून बिटरच्या परीक्षेत सौम्य नमुने आधी आणि कडक नंतर ठेवतात, मध्ये पाणी आणि कोरडा पाव किंवा खारट नसलेली बिस्किटे देतात, आणि एका बैठकीत नमुन्यांची संख्या आवरती ठेवतात. पाडव्याला क्रम उलटा आहे. सगळ्यात कडू घास दिवसाच्या सुरुवातीला, उपाशीपोटी. त्यानंतर चूळ भरली तरी तोंडात तो बराच वेळ राहतो, आणि दुपारी पानावर पुरणपोळी पडते तेव्हा तिच्यातला गूळ आधीच्या कुठल्याही दिवसापेक्षा स्वच्छ लागतो.